वाचक विचारतात : जुना दीपस्तंभ पाहायला जाताना

गेल्या अंकात खांदेरी बेटावरच्या दीपस्तंभाचं छायाचित्र छापलं आणि समुद्रापासून इतक्या लांबच्या आपल्या शहरातून पत्रांचा ढीग आला. सारख्या प्रश्नांची मोट बांधून उत्तरं देत आहोत.

नागपूरहून निघून एखादा जुना दीपस्तंभ आतून पाहायचा आहे. पहिला कोणता पाहावा? सगळे कोकणच सुचवतात. (धरमपेठ)

कोकण सुंदर आहे, पण पहिल्या खेपेला आमचं मत चेन्नईला. नागपूरकरांना ते सोयीचंही पडतं. तामिळनाडू एक्सप्रेस किंवा जी. टी. एक्सप्रेसमध्ये बसलं की गाडी बदलायची भानगड नाही. अंतर सुमारे ११०० किलोमीटर. आणि तिथे एकाच शहरात दीपस्तंभांच्या चार पिढ्या आहेत, त्याही एकमेकींपासून फार लांब नाहीत.

पहिला दिवा १७९६ मध्ये फोर्ट सेंट जॉर्जमधल्या एका इमारतीच्या गच्चीवर लागला. खोबरेल तेलावर जळणाऱ्या वातींचा तो मोठा कंदील होता. आज त्या इमारतीत किल्ल्याचं संग्रहालय आहे. दुसरा १८४४ चा. हा स्वतंत्र दगडी खांब आहे, ग्रीक धाटणीचा, वर निमुळता होत गेलेला, आणि तो आता उच्च न्यायालयाच्या आवारात येतो. तिसरा १८९४ चा, म्हणजे खुद्द उच्च न्यायालयाच्या इमारतीचा सर्वांत उंच घुमट. शहर वाढलं, इमारती चढल्या, तसा दिवाही उंच जागी हलत गेला. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री ‘एम्डेन’ या जर्मन युद्धनौकेने मद्रासवर तोफा डागल्या, तेव्हा बंदरावर हाच दिवा होता. चौथा मरीना किनाऱ्यावरचा, १९७७ चा, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा त्रिकोणी मनोरा. त्याला लिफ्ट आहे. सुरक्षेच्या कारणावरून तो बरीच वर्षं पर्यटकांना बंद होता, २०१३ मध्ये पुन्हा उघडला. सोमवारी बंद असतो, म्हणून रविवारी रात्री चेन्नईत उतरण्याचा बेत आखू नका.

न्यायालयाच्या आवारात दरवेळी सोडतीलच असं नाही. ओळखपत्र खिशात ठेवा आणि नाही सोडलं तर हुज्जत न घालता बाहेरच्या रस्त्यावरून पाहा. घुमटावरचा दिवा तसाही लांबूनच नीट दिसतो.

दुसऱ्या दिवशी बसने महाबलीपुरम. चेन्नईहून साठेक किलोमीटर. तिथल्या टेकडीवर महिषासुरमर्दिनी गुंफेच्या डोक्यावर पल्लव काळातलं ओलक्कन्नेश्वराचं देऊळ आहे. १८८७ मध्ये इंग्रजांनी या देवळाच्याच माथ्यावर दिवा बसवला होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शेजारी स्थानिक दगडाचा गोल मनोरा उभा राहिला आणि देऊळ मोकळं झालं. हा मनोरा चढता येतो. वर गेल्यावर देऊळ थोडं खाली, हाताच्या अंतरावर असल्यासारखं दिसतं आणि पलीकडे बंगालचा उपसागर. दीपस्तंभासाठी जागा कशी निवडतात हे तिथे कुणी समजावून सांगावं लागत नाही. पल्लवांनी देवळासाठी जी उंच, मोकळी, समुद्रावरून दिसणारी जागा धरली, तीच हजार वर्षांनी इंग्रजांना हवी होती.

वेळेबद्दल एकच नियम लक्षात ठेवा. दीपस्तंभाची तिकीटखिडकी दिवसभर उघडी असते असं समजू नका. बऱ्याच ठिकाणी, विशेषतः कोकणात, दुपारनंतर दोन-अडीच तासच वर सोडतात आणि सूर्यास्ताला खाली उतरवतात. निघण्याआधी चौकशी केलेली बरी. तिकीट नाममात्र असतं, कॅमेऱ्याचं वेगळं पडू शकतं.

खांदेरीचा इतिहास थोडक्यात द्यावा. तिथे जायचं कसं? (महाल)

खांदेरी हे अलिबागजवळच्या थळ गावासमोरचं बेट. मुंबई बंदरात शिरणाऱ्या जहाजाच्या वाटेवर ते येतं, आणि त्याचा सगळा इतिहास या एका गोष्टीतून आला आहे. १६७९ च्या पावसाळ्यात शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून मायनाक भंडारी यांनी बेटावर तटबंदीचं काम धरलं. मुंबईकर इंग्रजांच्या पोटात गोळा आला. त्यांनी जहाजं पाठवून बेटाची रसद तोडायचा प्रयत्न केला, ऑक्टोबरमध्ये समुद्रात चकमक झाली. मराठ्यांची हलकी गलबतं उथळ पाण्यातून, रात्रीच्या अंधारात माणसं आणि सामान पोचवत राहिली. जानेवारी १६८० मध्ये इंग्रजांनी नाद सोडला. त्याच सुमारास सिद्दीने शेजारचं उंदेरी बळकावलं, त्यामुळे पुढे कित्येक वर्षं समोरासमोरची ही दोन बेटं एकमेकांवर तोफा रोखून होती. नंतर खांदेरी कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचं ठाणं झालं. १७१८ मध्ये इंग्रजांनी पुन्हा हल्ला केला, तोही फसला.

ज्या बेटाने मुंबईची वाट अडवली त्याच बेटावर १८६७ मध्ये मुंबईची वाट दाखवणारा दिवा लागला. मनोरा अष्टकोनी आहे, उंची सुमारे २२ मीटर. आज बेटाला आणि दीपस्तंभाला कान्होजी आंग्रे यांचं नाव आहे आणि दिवा मुंबई बंदर प्राधिकरण सांभाळतं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात खांदेरी आहे. बेटावर वेताळाचं ठाणं आहे. कोळी मंडळींची त्यावर मोठी श्रद्धा आहे, तिथे त्यांच्या रीतीने वागावं. शिवाय एक शिळा आहे, लहान दगडाने ठोकली की धातूच्या भांड्यासारखा आवाज देते. मुलं तिच्यापुढून हलत नाहीत.

जायचं असं : विदर्भ एक्सप्रेसने किंवा दुरांतोने मुंबई, गेटवेहून लाँचने मांडवा, तिथून बसने अलिबाग, पुढे रिक्षाने थळ. थळहून कोळ्यांची होडी ठरवावी लागते. बेटावर उतरू देतात का आणि मनोऱ्यावर सोडतात का, हे आधी विचारून मगच होडी ठरवा. जून ते ऑगस्ट लाँच बंद आणि होड्याही किनाऱ्याला. ऑक्टोबर ते मार्च हा काळ उत्तम. डिसेंबर-जानेवारीत सकाळी वारा कमी असतो, दुपारनंतर समुद्र खवळतो, म्हणून परतायची घाई दुपारच्या आधीच करावी.

नागपूरकरांची गफलत होते ती भरती-ओहोटीत. ओहोटीला खडक उघडे पडतात आणि होडी धक्क्याला लागत नाही. कोकणात यासाठी एक सोपा हिशेब आहे : तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. त्या वेळेच्या साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी आणि साडेबारा तासांच्या आत पुन्हा भरती. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण घरातल्या दिनदर्शिकेवरून तारीख ठरवायला एवढं पुरे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतं, मुंबईच्या किनाऱ्यावर पाणी चार मीटरहून जास्त चढतं-उतरतं आणि ओढही जबर असते. अष्टमीच्या आसपास भांगेची भरती, चढउतार कमी. या सगळ्याचा मेळ घातला तर दशमी किंवा एकादशी सोयीची : भरती सकाळी साडेसात ते सव्वाआठला, बेटावर उतरून फिरून दुपारी बाराच्या आत परत. होडीवाल्याचा शब्द मात्र शेवटचा.

होडी जमली नाही तर अलिबागच्या दक्षिणेला रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई आहे. रस्त्याने जाता येतं. पोर्तुगीज किल्ल्याच्या पायथ्याशी दीपस्तंभ आहे आणि गावात आजही पोर्तुगीजमिश्रित बोली बोलणारी घरं आहेत. रत्नागिरीचा दीपस्तंभ पाहायचा तर नागपूर–मडगाव ही विशेष गाडी पाहा, पण ती कायमची गाडी नव्हे. मुदत वाढली आहे का ते बघूनच आरक्षणाचा विचार करावा.

वातीचा किंवा साध्या बल्बचा उजेड तीस-पस्तीस किलोमीटर कसा पोचतो? (कामठी)

दिवा नाही पोचत, भिंग पोचवतं. वर जाऊन पाहायची खरी वस्तू हीच, आणि दहातले आठ लोक तिच्याकडे पाठ करून समुद्राचे फोटो काढत असतात.

दिव्याचा उजेड चहूबाजूंना सांडतो. वर आकाशात आणि खाली जमिनीवर जातो तो वाया. तो सगळा गोळा करून क्षितिजाच्या दिशेने आडवा फेकायचा तर माणसाएवढं बहिर्गोल भिंग लागेल, आणि ते इतकं जाड होईल की निम्मा उजेड काचच गिळेल. ऑगस्टिन फ्रेनेल या फ्रेंच अभियंत्याने १८२२ मध्ये यावर तोड काढली. उजेड वळतो तो भिंगाच्या वक्र पृष्ठभागावर, मधली काच नुसती जागा अडवते. मग ती काढून टाकली आणि वक्र पृष्ठभागाचे तेवढे कंगोरे ठेवले. मध्ये गोल भिंग आणि त्याभोवती एकात एक बसवलेल्या बांगड्यांसारखी काचेची कडी. १८२३ मध्ये फ्रान्सच्या कॉर्दुआँ दीपस्तंभावर असं भिंग पहिल्यांदा बसलं.

जवळून बघाल तर कड्यांचे दोन प्रकार दिसतात. मधल्या पट्ट्यातली काच उजेड वाकवते. त्याच्या वर आणि खाली त्रिकोणी काप असतात, ते उजेड आतल्या आत परावर्तित करून आडवा काढतात, कारण इतक्या तिरप्या किरणाला नुसतं वाकवून भागत नाही. प्रत्येक काप हाताने घासलेला आणि पितळी चौकटीत लांबीने, म्हणजे पुट्टीने, बसवलेला असतो. ही लांबी वर्षानुवर्षांनी कडक होते, काच आणि पितळ उन्हात कमीजास्त फुगतात, आणि कापाच्या कोपऱ्याला टवका उडतो. जुन्या भिंगाच्या कडांवर असे टवके शोधा, नक्की सापडतील. चौकटीवर बनवणाऱ्याची पट्टी असते. आपल्याकडे बहुधा इंग्लंडची चान्स ब्रदर्स किंवा पॅरिसची कुठली तरी कंपनी.

भिंगाची प्रत दिव्यापासून काचेच्या अंतरावर ठरते. पहिल्या प्रतीत ते ९२० मिलिमीटर, दुसऱ्या प्रतीत ७००, चौथ्या प्रतीत २५०, सहाव्या प्रतीत १५०. पहिल्या प्रतीचं भिंग अडीच मीटरहून उंच असतं आणि आत माणूस आरामात उभा राहतो. वजन टनांत. असं धूड फिरवायचं कसं? आधी चाकांवर फिरवत, एका फेऱ्याला मिनिटं लागत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते पाऱ्याने भरलेल्या कड्यात तरंगवू लागले. मग बोटाने ढकललं तरी फिरे. फिरवणारं यंत्र चावीच्या घड्याळासारखंच चाले. साखळीला बांधलेलं वजन मनोऱ्याच्या मधल्या पोकळीतून हळूहळू खाली येई आणि काही तासांनी ते हाताने गुंडाळून वर घ्यावं लागे. काही जुन्या मनोऱ्यांत ती पोकळ नळी अजून आहे, जिना तिच्याभोवती फिरतो. कठड्यावरून खाली डोकावून पाहा. पारा अजून असेल तिथे मात्र कशालाही हात लावू नका, त्याची वाफ विषारी असते.

दिवसा त्या काचेच्या खोलीला पडदे का लावलेले असतात? (सदर)

भिंग दोन्ही बाजूंनी काम करतं. रात्री आतला उजेड बाहेर फेकतं, दिवसा बाहेरचं ऊन आत दिव्यावर गोळा करतं. दिव्याची जोडणी वितळू शकते, आसपास काही पेट घेणारं असेल तर आगही लागते. पडदा लावलेला दिसला तर सरकवू नका. भिंग पाहायचं असेल तर तिथल्या कर्मचाऱ्याला विनंती करा.

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी फिरत्या दिव्याची प्रतिकृती करायची आहे. खर्च कमी असावा. (शिक्षिका, प्रतापनगर)

सीताबर्डीच्या स्टेशनरी दुकानात पुस्तक वाचण्यासाठी प्लास्टिकचं पानाएवढं पातळ भिंग मिळतं. तेच फ्रेनेलचं भिंग. असे दोन पत्रे, १ वॅटचा पांढरा एलईडी त्याच्या ॲल्युमिनियम पट्टीसकट, १२ व्होल्टची मिनिटाला १० फेरे मारणारी गियर मोटर आणि पुठ्ठा, एवढं पुरे. २३० व्होल्टची मोटर मुलांच्या हाती देऊ नका.

आधी नाभीचं अंतर मोजा. खिडकीसमोरच्या भिंतीवर बाहेरच्या झाडाची उलटी प्रतिमा स्पष्ट पडेपर्यंत पत्रा पुढेमागे करा आणि पत्र्यापासून भिंतीपर्यंत पट्टीने मोजा. बहुतेक पत्र्यांचं ते २० ते ३० सेंटिमीटर भरतं, पण पाकिटावरच्या आकड्यावर विसंबू नका. एलईडी बरोबर तेवढ्या अंतरावर मध्ये स्थिर ठेवा आणि दोन पत्रे समोरासमोर, त्याच्या दोन्ही बाजूंना, फिरत्या पुठ्ठ्यावर उभे करा. मोटरचा फेरा ६ सेकंदांचा, पत्रे दोन, म्हणजे दर ३ सेकंदांनी एक झोत.

फसतं ते तीन ठिकाणी. पत्र्याची खरखरीत बाजू बाहेर आणि गुळगुळीत बाजू दिव्याकडे हवी. उलटं लावलं तर झोत कडेला फाटतो. एलईडी नाभीच्या अलीकडे असेल तर झोत पसरतो, पलीकडे असेल तर थोड्या अंतरावर एकत्र येऊन पुन्हा फाकतो. दहा मीटर लांब भिंतीवर ठिपका पाहून अंतर जुळवा. आणि एलईडीवर दुधी टोपी असेल तर काढा, उजेड जितका लहान जागेतून निघेल तितका झोत नेमका.

प्रदर्शन संपल्यावर पत्रे खिडकीत किंवा गाडीच्या काचेमागे ठेवू नका. आपल्या मे महिन्याच्या उन्हात वही पेटायला वेळ लागत नाही.

रात्री लांबून उघडझाप दिसते. प्रत्येक दीपस्तंभाची वेगळी असते का? (मानेवाडा)

हो, आणि तीच त्याची ओळख. कुठला दीपस्तंभ किती सेकंदांनी किती वेळा चमकतो याची यादी जहाजावर असते. दोनदा चमक आणि मग अंधार, असा पूर्ण फेरा दहा सेकंदांचा, अशी ती नोंद असते. एकाच किनाऱ्यावरच्या शेजाऱ्यांची चाल मुद्दाम निराळी ठेवतात. मोजायची तर चमक दिसली की ‘शून्य’ म्हणा, ‘एक’ नव्हे, आणि तोच क्रम पुन्हा सुरू होईपर्यंत मोबाइलच्या घड्याळावर सेकंद धरा. तीनदा मोजून सरासरी काढा. अंधार उजेडापेक्षा जास्त असेल तो एक प्रकार, उजेड जास्त आणि मध्ये छोटी विझण असेल तो दुसरा, दोन्ही सारखे असतील तो तिसरा. यादीत या तिन्हींना वेगळी खूण असते.

चमक घडते ती दिवा विझवून नाही. दिवा आत सतत जळतो, भिंगाची तावदानं त्याच्याभोवती फिरतात. चार तावदानं सारख्या अंतरावर असतील आणि फेरा २० सेकंदांचा असेल तर दर ५ सेकंदांनी चमक. दोन-दोनची चाल हवी तर तावदानं जोडीने जवळ बसवतात.

दिवसा ही ओळख रंग देतो. काळे-पांढरे किंवा लाल-पांढरे पट्टे शोभेसाठी नसतात. मागे हिरवा डोंगर असेल तर पांढरा उठून दिसतो, मागे आकाश असेल तर गडद पट्टा लागतो.

एलईडी आले, मग जुनी भिंगं काढून का टाकतात? आतच एलईडी बसवला तर? (वाडी)

बसवतात, पण एक अडचण येते जी पटकन लक्षात येत नाही. जुनं भिंग पेट्रोमॅक्ससारख्या मोठ्या जाळीच्या दिव्यासाठी घडवलेलं असतं. रॉकेलच्या वाफेवर जळणाऱ्या मोठ्या दिव्याची जाळी ८५ मिलिमीटर व्यासाची असे. ९२० मिलिमीटर अंतरावरून तो झोत सव्वापाच अंश रुंद निघतो. २० सेकंदांच्या फेऱ्यात भिंग सेकंदाला १८ अंश फिरतं, म्हणजे खलाशाला चमक ०.२९ सेकंद दिसते. त्या जागी २० मिलिमीटरचा एलईडी ठेवा, झोत सव्वा अंशाचा आणि चमक ०.०७ सेकंद. उजेड तेवढाच असला तरी डोळ्याला ती चमक फिकी वाटते आणि लाटांवर हलणाऱ्या होडीतून निसटते. फेरा सावकाश केला तर चाल बदलते, यादी बदलावी लागते. म्हणून एलईडी गुच्छाने लावतात, नाहीतर भिंग उतरवून संग्रहालयात ठेवतात आणि वर बादलीएवढा नवा दिवा येतो. जहाजाच्या दृष्टीने तो चांगला. पाहायला जाणाऱ्याने मात्र आधी विचारावं की जुनं भिंग जागेवर आहे का.

माणसाशिवाय चालणारा दिवा हे नवं खूळ नव्हे. स्वीडनच्या गुस्ताफ दालेन यांनी १९०७ मध्ये ऊन पडलं की गॅस आपोआप बंद करणारी झडप बनवली. काळा दांडा उन्हाने तापून लांबतो आणि गॅस अडवतो, एवढंच तत्त्व. १९१२ मध्ये ॲसिटिलिनच्या स्फोटात त्यांची दृष्टी गेली आणि त्याच वर्षी त्यांना नोबेल मिळालं.

दीपस्तंभ सर्वांत उंच डोंगरावर का नाही बांधत? (गणित शिक्षक, काटोल)

उंचीचा फायदा वर्गमुळाने वाढतो. उंची मीटरमध्ये घ्या, वर्गमूळ काढा, ३.८६ ने गुणा, क्षितिज तितके किलोमीटर. समुद्रापासून ५० मीटरवरचा दिवा २७ किलोमीटरपर्यंत, खलाशाचा डोळा ४ मीटरवर असेल तर त्याचे आणखी पावणेआठ, एकूण ३५. दिवा चौपट उंच, म्हणजे २०० मीटरवर नेला तर स्वतःचं अंतर फक्त दुप्पट. आणि तोटा मोठा : उंचावर ढग आणि धुकं दिवा झाकतात. दक्षिण आफ्रिकेत केप पॉइंटला १८६० चा दीपस्तंभ समुद्रापासून दोनशे मीटरहून वर होता आणि धुक्यात वारंवार हरवायचा. १९११ मध्ये ‘लुसितानिया’ हे पोर्तुगीज जहाज तिथे फुटलं, त्यानंतर दिवा बराच खाली आणला.

वर्गाला घालायचं गणित : नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर. मधली जमीन नसती तर झिरो माईलच्या दगडावर ठेवलेला दिवा किती लांब दिसला असता? उत्तर ६८ किलोमीटर.

जीपीएस असताना दीपस्तंभ ठेवतात तरी कशाला? (बुटीबोरी)

उपग्रहाचा संदेश अडवता येतो, खोटा पाठवता येतो, आणि लहान होडीतलं यंत्र भिजून बंदही पडतं. डोळ्याने दिसणारी खूण ही पडताळणी आहे. शिवाय मनोऱ्यावर आता दिव्याबरोबर जहाजांची ओळख टिपणारी यंत्रं आणि रडारवर अक्षर उमटवणारा रेकॉनही असतो. १९२७ चा दीपस्तंभ कायदा जाऊन २०२१ मध्ये नवा आला, त्यात जुन्या मनोऱ्यांना वारसा म्हणून जपायची तरतूद आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये देशातले ७५ दीपस्तंभ पर्यटन सोयींसह खुले झाले.

दीडशे वर्षांचा दगडी मनोरा टिकतो आणि नंतरचा सिमेंटचा फुटतो. बांधकाम निकृष्ट का? (निवृत्त ओव्हरसियर, हनुमाननगर)

दरवेळी निकृष्ट नसतं, शत्रू लोखंड असतो. खाऱ्या हवेतले क्लोराइड काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून सळईपर्यंत पोचतात. गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा घेतो, आतून दाब देतो आणि वरचं आवरण सळईच्या रेषेने चिरतं. चीर पडली की पाणी सरळ आत. म्हणून चिरा उभ्या, सळईला समांतर दिसल्या तर समजा गंज लागलाय. वरून सिमेंटचा लेप दिल्याने काही होत नाही, दोन पावसाळ्यांत तो पोपडा सुटतो. खराब काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत फोडून, गंज साफ करून, मग भरावं लागतं. दगड-चुन्याच्या मनोऱ्यात सळईच नाही. तिथे चुना झिजतो आणि दरजा पुन्हा भराव्या लागतात. त्या चुन्यानेच भराव्या. सिमेंट भरलं तर ओल दगडातून बाहेर पडू पाहते आणि दगडाचाच पापुद्रा सुटतो. मनोऱ्याखाली पिठासारखी दगडाची भुकटी पडलेली दिसली तर बहुधा आधीच्या डागडुजीत कुणीतरी सिमेंट थापलेलं असतं.

आईचं वय सत्तर, मुलगा सहा वर्षांचा. दोघांना वर नेता येईल का? (त्रिमूर्तीनगर)

आईंना चेन्नईच्या लिफ्टच्या मनोऱ्यावर न्या. बाकी ठिकाणी गोल जिना असतो, पायऱ्या आतल्या बाजूला निमुळत्या. चढताना बाहेरच्या, रुंद बाजूने चढावं. शेवटचा टप्पा बहुतेक उभ्या लोखंडी शिडीचा आणि वर माणूस वाकून जाईल एवढं दार. गुडघे दुखत असतील तर शिडीच्या खालच्या मजल्यावर थांबावं, तिथल्या खिडकीतूनही छान दिसतं. उतरताना शिडीकडे तोंड करून उतरायचं. मुलाला पुढे ठेवून चढवा, उतरताना तुम्ही आधी. चप्पल नको, पट्ट्याचे बूट हवेत. वर वारा जोराचा असतो, टोपी आणि ओढणी खालीच ठेवा, आणि गॅलरीच्या कठड्याच्या गजांमध्ये किती फट आहे ते मुलाला बाहेर सोडण्याआधी पाहा.